बेत, बोट आणि बेट

गेल्या श्रावणात पुण्याहून भाचीचा फोन आला. डिसेंबरात तिला आणि तिच्या नवऱ्याला एकाच वेळी बारा दिवसांची रजा मिळत होती आणि दोघांचा मायोर्काला जाण्याचा बेत ठरत होता. मायोर्का हे भूमध्य समुद्रातले स्पेनचे बेट, युरोपातल्या लोकांचे सुट्टीचे ठरलेले ठिकाण. व्हिसा, विमान, मुक्काम यांची जुळवाजुळव चालली होती. "मामा, तुम्ही एवढं वाचता. तिथे जाण्याआधी काय वाचावं ते सांगा ना," असे तिने विचारले. मला चटकन एकच पुस्तक आठवले आणि ते आठवताच थोडे हसूही आले. कारण ते पुस्तक म्हणजे त्याच बेटावरच्या एका साफ फसलेल्या सुट्टीची हकिकत आहे.

पुस्तक शोधण्यासाठी माळ्यावरची ट्रंक उघडली. पुस्तक सापडले, पण त्याच्या खाली दोऱ्याने बांधलेली पोस्टकार्डांची एक जुडीही सापडली. गिरगावात राहणाऱ्या माझ्या थोरल्या काकांनी १९५० आणि १९६० च्या दशकांत आजोबांना रत्नागिरीस पाठवलेली ती कार्डे. दरवर्षीचे एप्रिलातले कार्ड जवळपास सारखेच. रजा मंजूर झाली आहे, अमुक वारच्या बोटीने निघतो, बरोबर इतकी मंडळी आणि सामानाचे इतके डाग आहेत, बंदरावर गडी पाठवावा. भाचीचा फोन आणि काकांची कार्डे यांच्यामध्ये साठ वर्षांचे अंतर आहे. पण दोन्ही सुट्टीचेच बेत. ते शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा इतक्या वर्षांच्या अध्यापनात कधी न पडलेला एक प्रश्न पडला. सुट्टीला जाणाऱ्याचा बेत आपण वाचतो, शिकवतो, त्याला प्रवासवर्णन म्हणतो. तो ज्याच्या दारी येतो त्याचा बेत कुठे लिहिलेला असतो?

आधी त्या पुस्तकाविषयी. फ्रेंच लेखिका जॉर्ज सँड हिने 'मायोर्कातील हिवाळा' १८४१ मध्ये नियतकालिकातून आणि १८४२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. तीन वर्षांपूर्वी, नोव्हेंबर १८३८ मध्ये, ती आपली दोन मुले आणि संगीतकार शोपँ यांच्यासह बार्सिलोनाहून पाल्मा बंदरात उतरली होती. बेत अगदी शहाणपणाचा होता. मुलाला संधिवात, शोपँला खोकल्याचे दुखणे. पॅरिसचा हिवाळा दोघांनाही सोसणारा नव्हता. उबदार हवा, स्वस्त राहणी, कामाला निवांतपणा. आपल्या जुन्या भाषेत सांगायचे, तर हवापालट.

बेताचा एकेक धागा कसा उसवत गेला हे सँडने मोठ्या चवीने सांगितले आहे. पाल्म्यात पाहुण्यांना उतरण्याजोगी खाणावळ नव्हती. गावाबाहेर एक घर भाड्याने मिळाले, तोच पावसाळी थंडी सुरू झाली आणि शोपँचे दुखणे बळावले. त्याला क्षय असल्याचे कानी येताच घरमालकाने सर्वांना बाहेर काढले, आणि वर घराच्या नव्या गिलाव्याचे व जाळून टाकाव्या लागणाऱ्या अंथरुणाचे पैसे मागितले. मग वायदेमोसा गावच्या डोंगरावरील मठात खोल्या मिळाल्या. तो मठ रिकामा होता, कारण स्पेनच्या सरकारने १८३५ मध्ये धार्मिक मठ खालसा करून तिथल्या साधूंना घालवून दिले होते. शोपँचा पियानो जकातीच्या भानगडीत अडकून पडला. गावकऱ्यांना ही चर्चमध्ये न जाणारी परकी मंडळी खपली नाहीत आणि सँडला गावकरी खपले नाहीत. फेब्रुवारी १८३९ मध्ये सगळे परत फिरले. त्या हिवाळ्यात शोपँने आपली प्रसिद्ध प्रेल्यूड्स पुरी केली, हीच काय ती जमेची बाजू.

या हकिकतीत एक बोट आहे, आणि मला तिच्याविषयी बोलायचे आहे. 'एल मायोर्किन' असे तिचे नाव. बेटाला मुख्य भूमीशी जोडणारी ही नवी आगबोट सुरू झाली ती मुख्यतः डुकरांसाठी, असे सँड म्हणते. मायोर्कातली डुकरे बार्सिलोनाच्या बाजारात नेणे हा तिचा धंदा. माणसांची ने-आण ही जोडीची मिळकत. परतीच्या प्रवासात शंभरेक डुकरे त्यांच्या सोबतीला होती, आणि आजारी माणसाला कप्तानाने सर्वांत वाईट बिछाना दिला, कारण तो पुढे जाळावाच लागणार होता. सँडचा सगळा संताप त्या बोटीवर एकवटला आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिथे जरा थांबायला हवे. बेटावरच्या माणसाच्या बाजूने पाहिले, तर त्या बोटीत चुकीचे काहीच नव्हते. ती बेटाच्या गरजेसाठी सुटत होती, बेटावर येणाऱ्यांच्या सोयीसाठी नव्हे.

बेटाचा इतिहास म्हणजे पुष्कळदा त्याच्या बोटीचा इतिहास असतो. बोट कोणासाठी सुटते, कोणाच्या वेळापत्रकाने सुटते, एवढे कळले की ते बेट त्या काळी कोणाचे होते हे कळते. हे सूत्र हाती धरून आता रत्नागिरीकडे येऊ.

रत्नागिरी भूगोलाच्या पुस्तकात बेट नाही. व्यवहारात मात्र ती दीर्घकाळ बेटच होती. पुढे समुद्र, मागे सह्याद्री. उत्तर-दक्षिण जावे तर पाच-दहा कोसांवर एकेक खाडी आडवी. घाट चढून कोल्हापूर किंवा कराड गाठता येई, पण बैलगाडीने. आगगाडी घाटावरच थांबलेली. खरा रस्ता पाण्याचाच, आणि तोही आठ महिन्यांचा. पावसाळ्यात समुद्र बंद. तेवढे चार महिने रत्नागिरीला चारही बाजूंनी बेटपण येई.

हे बेटपण इंग्रजांनी बरोबर हेरले होते. सुट्टीसाठी त्यांना रत्नागिरी नको होती. उन्हाळा आला की साहेब वर चढे. माल्कमने १८२८ मध्ये वसवलेले महाबळेश्वर, पुढे माथेरान. रत्नागिरीचा उपयोग त्यांनी निराळा केला. ज्याला कुठेही जाऊ द्यायचे नाही त्याला ठेवायला ही जागा चांगली. नोव्हेंबर १८८५ मध्ये ब्रह्मदेशाचा राजा थिबा याचे राज्य गेले. आधी मद्रास आणि मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. सत्तावीस वर्षांपूर्वी दिल्लीचा बादशहा रंगूनला पाठवला होता, आता मंडालेचा राजा कोकणात आणला. थिबाने येथे तीस वर्षे काढली. खाडीकडे पाहणारा लाल विटांचा राजवाडा त्याला १९१० मध्ये मिळाला आणि डिसेंबर १९१६ मध्ये तो येथेच वारला. कुटुंबाला मायदेशी परतण्याची परवानगी मिळाली ती १९१९ मध्ये. राजाची समाधी रत्नागिरीतच राहिली. अमिताव घोष यांच्या 'द ग्लास पॅलेस' या २००० सालच्या कादंबरीतला थिबा दुर्बिणीतून समुद्रावरच्या होड्या न्याहाळत बसतो. ती कल्पना कादंबरीकाराची असली, तरी तिच्यामागचे वास्तव रत्नागिरीच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. बोट दिसते आहे, पण ती आपल्यासाठी नाही. पुढे १९२४ मध्ये सावरकरांनाही सरकारने जिल्ह्याबाहेर न जाण्याच्या अटीवर येथेच ठेवले. ती अट सुटली १९३७ मध्ये.

'सुट्टी' हा शब्द 'सुटणे' या क्रियेच्या घरातला आहे. माणूस कामातून सुटतो ती सुट्टी, बंदरातून निघते तेव्हा बोट सुटते, कैदेतून होते ती सुटका. थिबाच्या वाट्याला तिन्हींतले काही आले नाही. आणि नेमक्या त्याच काळात त्याच समुद्रावरून रत्नागिरीची हजारो माणसे दरवर्षी सुटून जात होती आणि सुट्टीला परत येत होती.

ही माणसे म्हणजे चाकरमानी. शेती तुटपुंजी, जमिनीवर खोतांचा अंमल, घरात खाणारी तोंडे पुष्कळ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या तशी रत्नागिरी जिल्ह्याची माणसे तिकडे वाहू लागली. शतक संपण्याआधीच मुंबईत रत्नागिरीत जन्मलेल्यांची संख्या लाखावर गेली होती. गिरणीत साचेवाला, गोदीत हमाल, पोलीस, पट्टेवाला, आणि शिकलेला असेल तर कचेरीत कारकून. गिरणगावात एकेका गावाची मिळून गावकीची खोली असे. पाळीपाळीने झोपायचे, खानावळीत जेवायचे आणि महिन्याला गावी मनिऑर्डर धाडायची. या सर्वांना मुंबईशी जोडणारी वस्तू म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही बंदरांची माळ कोकणातल्या मुलांना पाढ्यांसारखी पाठ असे.

या बोटींचा इतिहास लिहायला बसले, तर तो स्वातंत्र्यचळवळीच्या इतिहासालाही जाऊन भिडतो. गोऱ्या मालकांच्या कंपनीशी टक्कर देण्यासाठी स्वदेशीच्या प्रेरणेने सहकारी तत्त्वावर एक कंपनी निघाली. तिचे कागदावरचे नाव इंग्रजी आणि लांबलचक होते. लोक तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. त्या 'माझी'तला अभिमान आजही ऐकू येतो. बोटींना नावे दिली ती संतांची. 'तुकाराम', 'रामदास', आणि किरिस्तांव उतारूंसाठी 'सेंट अँथनी'. ज्याला आयुष्यात पंढरीची वारी घडली नाही तोही तुकारामातून गावी गेला.

समुद्र मात्र नावे पाहत नाही. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य महिन्यावर आलेले असताना, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' तासाभरात काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ती आषाढाची अमावास्या होती; सण घरच्या माणसांत करावा म्हणून निघालेले त्यांत पुष्कळ होते. बोट रत्नागिरीची नव्हती, पण दुखवटा साऱ्या किनाऱ्याचा होता. आमच्या घरी माझ्या लहानपणीही बोटीला 'रामदास' म्हणून हाक मारलेली आजीला चालत नसे. सुट्टीच्या बेतात प्राण पणाला लागतो, ही गोष्ट विमानाची तिकिटे काढणाऱ्याला आज विचित्र वाटेल. काकांच्या कार्डांत प्रत्येक वेळी 'ईश्वरकृपेने' हा शब्द आहे, तो निव्वळ रिवाजाचा नसावा.

आता काकांचा बेत पाहू. त्याची सुरुवात शेवटापासून होई. मेच्या अखेरीस पावसाळ्यापूर्वीची शेवटची बोट कधी, हे आधी पाहायचे. ती चुकली तर घाटाचा लांबचा वळसा, किंवा नोकरीवर पाणी. म्हणून परतीचा दिवस आधी ठरे आणि येण्याचा मागून. मग रजेचा अर्ज, मग कार्ड, मग खरेदी: चहाची पत्ती, साबण, मुलींना रिबिनी, आजोबांना तपकीर. वळकटी, ट्रंक, फिरकीचा तांब्या. बोट लागू नये म्हणून लिंबू आणि आवळासुपारी. 'बोट लागणे' याचा अर्थ बंदराला लागणे असाही आणि पोटात ढवळणे असाही. काकूच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकदमच खरे ठरत.

रत्नागिरीस बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकी आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यावर आणीत. भगवती बंदरावर वडिलांचे बोट धरून उभे राहिल्याचे मला आठवते. लाटेवर पडाव वर आला की खलाशी वरून मूल खाली देई आणि खालचा ते झेली. माझी चुलतभावंडे अशी झेलली जात सुट्टीला येत.

येथवरचे चित्र आपल्या साहित्यातून ओळखीचे आहे. कोकणात सुट्टीला जाण्याची आठवण मराठी ललित गद्यात इतक्या वेळा आली आहे, की तिचा साचाच बनला आहे: बोट, पडाव, आजोळ, आंबे, फणस, समुद्र आणि परततानाचे रडे. मात्र त्या लेखनाचे लेखक पाहिले, तर ते बहुतेक पडावातून उतरणारे आहेत. बंदरावर वाट पाहत उभे राहिलेले फार थोडे.

मी बंदरावर उभा राहणाऱ्यांच्या घरातला. म्हणून त्याच सुट्टीची दुसरी बाजू लिहून ठेवतो. कोकणातला मे महिना हा वर्षातला सर्वांत कष्टाचा महिना. पाऊस दारात उभा असतो आणि चार महिन्यांची बेगमी बाकी असते. लाकूडफाटा फोडून रचायचा. घर शाकारायचे. आमसुले वाळवायची, आंब्याची आणि फणसाची साठे घालायची, कुळीथ-तांदूळ ऊन दाखवून भरायचे, मिरची-मसाला कांडायचा. शेतात भाजावळ. नेमक्या याच महिन्यात घरात सहाऐवजी सोळा पाने मांडली जात. ज्याला मुंबईत सुट्टी म्हणत, तिला माझी आई 'बोटीचे दिवस' म्हणे. पहाटे चारला ती चुलीशी असे आणि रात्री दहाला तिथेच असे. पाहुणे नकोत असे तिने कधी म्हटले नाही. तसे तिला वाटतही नव्हते. कारण ते पाहुणे नव्हतेच. घर काकांचेही होते, आणि काकांच्या मनिऑर्डरवरच वर्षाचे अर्धे वाणसामान येई. तरी शेवटची बोट गेल्यावर, अंगणात पहिल्या सरीचा वास येत असताना, ती पायरीवर अर्धा तास काही न करता बसून राही. ती तिची सुट्टी. तिच्याविषयी कुठल्याही पुस्तकात वाचल्याचे मला आठवत नाही.

अपवाद एक आहे आणि तो मोठा आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली' या १९६२ च्या पुस्तकातला अंतू बर्वा. वर्गात आपण त्याला विनोदी व्यक्तिचित्र म्हणून शिकवतो: तिरकस बोलणे, दारिद्र्य, आतला ओलावा. पण ते लेखन कोणाच्या नजरेने झाले आहे ते पाहावे. सांगणारा रत्नागिरीचा जावई आहे. म्हणजे येणारा-जाणारा, मानाचा पाहुणा. अंतूशेठ जागेवरचा आहे. जो जगभर हिंडतो तो ऐकणारा, आणि जो कुठेही गेला नाही तो बोलणारा, अशी ही उलटी मांडणी आहे. पु. लं.चे 'अपूर्वाई' हे युरोपचे प्रवासवर्णन १९६० चे. तिथे लेखक जग पाहतो; येथे ज्याच्या गावी पाहुणा आला आहे तो पाहुण्याला पाहतो आणि कसाला लावतो. अंतूशेठच्या तिरकसपणाला स्वभावाबरोबर इतिहासही आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या गावाने आपली तरणी माणसे बोटीवर चढवून दिली आणि मेमध्ये महिनाभर त्यांना पाहुणा म्हणून पाहिले, त्या गावाच्या ओट्यावर उरलेल्या माणसाची ती भाषा आहे.

मायोर्कालाही असा एक अंतूशेठ लाभला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सँडचे लेखन पॅरिसच्या नियतकालिकात येताच, १८४१ मध्येच, होसे मारिया क्वाद्रादो या तरुण अभ्यासकाने पाल्म्याच्या एका साप्ताहिकात तिला जळजळीत उत्तर दिले. पुढे तो बेटाचा नामवंत इतिहासकार झाला. पण सँडचे पुस्तक जगभर गेले आणि क्वाद्रादोचे उत्तर बेटावरच राहिले. १९५६ मध्ये इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्ह्ज याने सँडच्या पुस्तकाचे भाषांतर केले, तेव्हा क्वाद्रादोचे उत्तर त्याने त्याच पुस्तकाला जोडले. ग्रेव्ह्ज १९२९ मध्ये मायोर्कातल्या देया गावी येऊन राहिला होता. स्पेनच्या यादवीमुळे दहा वर्षे बाहेर काढावी लागली, तेवढी सोडता आयुष्यभर तिथेच राहिला. आरंभी तोही पाहुणाच. पाहुणा जुना झाला, तेव्हा त्याला यजमानाचे म्हणणे ऐकू आले. ट्रंकेत सापडलेले माझे पुस्तक हेच.

पुढे दोन्ही किनाऱ्यांवर बोटीचे मालक बदलले. मायोर्कात १९०५ मध्ये पर्यटनवाढीसाठी संस्था स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर विमाने आली आणि १९६० च्या दशकापासून उत्तर युरोपातल्या कामकऱ्यांची स्वस्त सुट्टी या बेटावर उतरू लागली. ज्या मठात सँड राहिली तिथल्या खोल्या आज तिकीट काढून पाहतात, आणि ज्या पुस्तकात गावकऱ्यांची निंदा आहे ते त्याच गावात अनेक भाषांतून विकायला ठेवलेले असते. नऊ लाखांवर वस्तीच्या बेटावर वर्षाला कोटीहून अधिक प्रवासी येतात. २०२४ च्या उन्हाळ्यात हजारो मायोर्कन लोक पाल्म्याच्या रस्त्यांवर उतरले. प्रवाशांनी येऊच नये, एवढे त्यांचे म्हणणे साधे नव्हते. घरे प्रवाशांना भाड्याने जातात, मग शाळेतल्या शिक्षकाला आणि दवाखान्यातल्या परिचारिकेला राहायला घर परवडत नाही, हे ते सांगत होते. क्वाद्रादोच्या उत्तरानंतर एकशे त्र्याऐंशी वर्षांनी बेटाने दिलेले हे दुसरे उत्तर म्हणायला हरकत नाही.

रत्नागिरीत घडले ते याच्या उलट आणि तरीही याच्यासारखे. रस्ते झाले, एस. टी. आली आणि उतारूंच्या बोटी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मंदावत जाऊन रेल्वे येण्यापूर्वीच थांबल्या. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली. बॅ. नाथ पै, मधु दंडवते यांनी जन्मभर मागितलेली ही गाडी. तिचे मोल कोकणातल्या माणसाला सांगायला नको. रत्नागिरीचे बेटपण त्या दिवशी संपले. पण ज्या दारातून माणसे येत होती तेही बदलले. समुद्राकडचे अंगण परसदार झाले आणि डोंगराकडचे परसदार अंगण. बंदरावरची वर्दळ स्टेशनावर गेली. बेताची रीतही बदलली: शेवटच्या बोटीऐवजी आरक्षणाची तारीख. पूर्वी एकशे वीस दिवस आधी मिळणारे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवसांवर आले, एवढाच काय तो फरक. सकाळी आठच्या ठोक्याला गणपतीच्या गाड्या भरून जातात त्या जातातच.

मायोर्कात माणसे आहेत आणि त्यांना घरे नाहीत. आमच्याकडे घरे आहेत आणि त्यांत माणसे नाहीत. गावात फिरावे तर एकाआड एक घराला कुलूप. मुंबईत तिसरी पिढी झाली, सातबाऱ्यावर वीस नावे चढली, डागडुजी कोणी करायची यावर एकमत नाही. ज्या घरात माणूस उरले आहे तिथे दारावर 'न्याहारी व निवास' अशी पाटी दिसते. पाटी लावणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. माझ्या आईने जे काम चाळीस वर्षे फुकट केले, त्याचे आज कोणाला पैसे मिळत असतील तर ते योग्यच आहे. थिबाचा राजवाडाही आता पाहण्याचे ठिकाण आहे. कैद्याच्या सज्जातून दिसणारी खाडी 'सुंदर देखावा' म्हणून दाखवली जाते. २०२५ मध्ये मुंबईहून जयगड आणि विजयदुर्गला जाणाऱ्या नव्या बोटीची घोषणा झाली, ती मोटारी वाहून नेणारी. 'एल मायोर्किन'ची आठवण होते. बोट पुन्हा एकदा मालासाठी आणि माणसे जोडीला. फक्त या वेळी माल येणाऱ्याचा आहे, गावाचा नाही.

याचा अर्थ कोणी सुट्टीला जाऊ नये असा नव्हे. काका आले नसते तर आमचे घर वीस वर्षे आधीच पडले असते. म्हणणे एवढेच, की सुट्टीचा प्रत्येक बेत दोन ठिकाणी आखला जातो. एक जिथून निघायचे तिथे, आणि एक जिथे पोचायचे तिथे. पहिल्याची दप्तरे भरली आहेत. त्यांवर आपण प्रबंध लिहितो. दुसऱ्याची दप्तरे कोणाच्या तरी ट्रंकेत, वाणसामानाच्या हिशेबात, बाळंतिणीच्या खोलीतल्या खाटा बाहेर काढल्याच्या आठवणीत विखुरली आहेत. प्रवासवर्णनाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने एकदा तरी पुस्तकाच्या उलट्या बाजूने, यजमानाच्या दारातून, वाचायला सुरुवात करावी. कोकणात यासाठी फार लांब जावे लागणार नाही. बोटीचे दिवस आठवणाऱ्या बायका अजून आहेत, पण आता थोड्याच आहेत.

भाचीला मी फोनवर इतके काही सांगितले नाही. पुस्तक पाठवतो म्हटले, आणि सहज विचारले, "मेमध्ये इकडे कधी येता?"

"येऊ ना, मामा. पण या वेळी गणपतीपुळ्याला रिसॉर्ट बघतोय. मामीला उगीच त्रास नको."

ती मनापासून बोलत होती, आणि तिचे चुकतही नव्हते. मी स्वतः आताच दोन तास बसून तेच तर लिहिले असते. तरी मला उत्तर सुचले नाही. फोन ठेवल्यावर हिला सांगितले. ती आमसुलांचा डबा पुसत होती. "राहू देत की तिकडे," ती म्हणाली, "पण एक दिवस जेवायला इकडेच या म्हणावं. आणि किती जण ते आधी कळव म्हणावं."

दुसऱ्या दिवशी पुस्तक पाठवले. क्वाद्रादोचे उत्तर सुरू होते त्या पानावर, खूण म्हणून, काकांचे एक कार्ड घातले.